मोठा टॉप थांबू दे, आधी मांजरपाट चढवा

"ताई, मी घरगुती मशीनवर बरीच वर्षं क्विल्ट, म्हणजे तीन थरांची गोधडीसारखी पांघरुणं, शिवते. दोन महिन्यांपूर्वी एका बाईंचं वापरलेलं लाँगआर्म मशीन (क्विल्टचे थर एकत्र शिवायचं, फ्रेमवर फिरणारं मोठं मशीन) घेतलं. खांदा दुखायला लागल्यामुळे त्यांनी काम थांबवलं होतं. १२ फुटी फ्रेम आहे, टाके एकसारखे ठेवणारा स्टिच रेग्युलेटर आहे, सोबत दोन बॉबिन केस (खालच्या धाग्याच्या रिळाच्या डब्या) आणि धाग्याच्या कोनांनी भरलेली एक पेटी मिळाली. आम्ही घरच्या घरी सगळं जोडलं. पण मशीन उजवीकडून डावीकडे नेलं की धागा तुटतो, डावीकडून उजवीकडे नेलं तर तुटत नाही. हात सोडला की मशीन आपलं आपण डावीकडे सरकतं. टाके कधी बारीक, कधी लांबडे पडतात. एका ओळखीच्या माणसाने 'टायमिंग गेलंय, मशीन उघडावं लागेल' असं सांगितलं. माझा डबलबेडचा टॉप, म्हणजे क्विल्टचा तुकडे जोडून केलेला वरचा थर, तयार आहे, जोडायला दोन वर्षं लागली. तो लावायची घाईही झाली आहे आणि हात लावायची भीतीही वाटते. मी फसले का? सुरुवात कुठून करू?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना बरीच निश्चिंत झाले. बहुतेक पत्रांत 'मशीन नीट चालत नाही' एवढंच असतं. तुम्ही धागा कोणत्या दिशेला तुटतो आणि कोणत्या दिशेला तुटत नाही, हेही टिपलं आहे. ज्याची नजर एवढी बारीक आहे त्याचं मशीन लवकर सुरळीत होतं. तुम्ही फसला आहात असं पत्रावरून तरी अजिबात वाटत नाही. तुमच्या तीन तक्रारींची कारणं बहुधा तीन वेगवेगळी आहेत आणि तिन्ही मशीन न उघडता तपासता येतात. तोवर कुणालाही आत स्क्रूड्रायव्हर घालू देऊ नका.

आणि तो दोन वर्षांचा टॉप घडी करून कपाटात ठेवा. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण मी नेमकं उलट केलं होतं. मशीन आलं त्याच आठवड्यात मी माझा सगळ्यात आवडता टॉप चढवला. वरून टाके सुरेख दिसत होते म्हणून पुढे पुढे गुंडाळत गेले. खाली काय चाललंय ते शेवटच्या ओळीनंतर, क्विल्ट फ्रेमवरून उतरवल्यावर कळलं. मागची बाजू धाग्याच्या वेढ्यांनी भरलेली होती. ते सगळं उसवताना एके ठिकाणी कापडही फाटलं. तुमच्या टॉपवर ती वेळ येऊ नये.

आधी मशीनच्या डावीकडे सरकण्याचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि ते तसंच राहिलं तर पुढचं काहीच नीट तपासता येणार नाही. घरगुती मशीनवर आपण कापड सुईखालून सरकवतो. इथे कापड फ्रेमवर जागच्या जागी राहतं आणि सगळं मशीन रुळांवरून फिरतं. त्यामुळे फ्रेमची एक बाजू जराशी जरी खाली असली तरी मशीनचं वजन त्या बाजूला ओढ घेतं. तुमची डावी बाजू खाली आहे. गवंडी वापरतात तसली लांब लेव्हल घ्या. आधी फ्रेमच्या लांबीवर दोन्ही टोकांना आणि मध्ये ठेवून बघा, मग आडवी, म्हणजे तुमच्याकडून पलीकडे. पायांखालचे स्क्रू थोडे थोडे फिरवत बुडबुडा मध्ये आणा. १२ फुटी फ्रेमला मध्येही पाय असेल तर तो जमिनीला नीट टेकलाय ना ते बघायला विसरू नका, कारण टेकला नसेल तर फ्रेम मध्ये झोल खाते. शेवटची परीक्षा मशीनच देईल. ते फ्रेमच्या मध्यावर ठेवा, हात सोडा आणि दहापर्यंत मोजा. जागेवर थांबलं की झालं. काही दिवसांनी पुन्हा एकदा बघा, नवीन जागी फ्रेम हळूहळू बसते.

त्याच वेळी रूळ आणि चाकं कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्या. चाकाला धाग्याचा एक बारीक तुकडा जरी गुंडाळलेला असला तरी मशीन दर फेरीला त्याच जागी टुक्कन उडतं आणि तुमच्या गोल वेलांटीला कोपरा येतो. डोळे मिटून, मशीन बंद ठेवून, हलक्या हाताने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. अडखळण डोळ्यांआधी हाताला कळते.

आता धागा. एकाच दिशेला तुटणारा धागा म्हटलं की माझं पहिलं लक्ष सुईकडे जातं. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो, त्यामुळे ती उलटी किंवा तिरकी बसतच नाही. लाँगआर्मच्या बहुतेक सुया, म्हणजे १३४ जातीच्या, गोल दांड्याच्या असतात. त्या कशाही बसतात, आणि तिथेच घोळ होतो. एक सुई हातात घेऊन उजेडात धरा. एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत उतरत आलेली लांब खाच दिसेल. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या जरा वर कुणीतरी नखाने कोरल्यासारखा छोटा खोलगट भाग दिसेल. बहुतेक लाँगआर्ममध्ये लांब खाच तुमच्याकडे आणि खोलगट भाग मागे, हुकाकडे (धागा पकडणाऱ्या खालच्या फिरत्या भागाकडे) असावा लागतो. तुमच्या मॉडेलसाठी मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करा.

हे इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते, म्हणजे लक्षात राहील. सुई खाली जाऊन वर यायला लागते तेव्हा नेढ्यामागे धाग्याचा एक छोटासा फास सुटतो. हुकाचं टोक त्या खोलगट भागाजवळून जातं, फास पकडतं, बॉबिनभोवती फिरवतं आणि टाका तयार होतो. सुई थोडी जरी फिरलेली असली तर फास बाजूला सुटतो. त्यात मशीन हलतं तशी सुईही जराशी वाकत असते. एका दिशेला वाकली की हुक फास पकडतो. दुसऱ्या दिशेला वाकली की एक तर फास चुकतो, नाहीतर हुकाचं टोक धाग्यातच घुसून त्याचे पदर फाडतं. तुमच्या पत्रातलं वर्णन याच्याशी अगदी जुळतं.

म्हणून मशीनचा प्लग काढा, हो, स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा, आणि नवी कोरी सुई लावा. आधीच्या बाईंची सुई किती चालली आहे ते आपल्याला माहीत नाही. सुई वरपर्यंत टेकली आहे ना ते बघा, मग स्क्रू अर्धवट आवळून नेढ्यातून एक बारीक टाचणी आरपार घाला. टाचणी थेट तुमच्या नाकाकडे रोखलेली दिसली पाहिजे. डावी-उजवीकडे कलली असेल तर सुई फिरवून घ्या, मग स्क्रू पक्का करा. या सुयांवर ३.५, ४.०, ४.५ असे आकडे असतात.  सुती कापड आणि मध्यम जाडीचा धागा असेल तर ४.० ने सुरुवात करा.

सुई बदलूनही तुटत असेल तर त्या पेटीतल्या धाग्यावर संशय घ्या. हातभर धागा दोन्ही मुठींत धरून झटका द्या. चांगला धागा हाताला काचतो, जुना झालेला धागा गवताच्या काडीसारखा पट्कन तुटतो. रंग कितीही सुंदर असले तरी तसला धागा मशीनला लावू नका. शिकण्यापुरता एक ताजा, ४० नंबरचा पॉलिएस्टर कोन घ्या. कोन त्याच्या वरच्या कडीच्या बरोबर खाली उभा असावा, तिरका ओढला गेला की ताण दर क्षणाला बदलतो. ताण देणाऱ्या दोन चकत्यांमध्येही कधी कधी वर्षानुवर्षांचा भुसा अडकलेला असतो. ताण सैल करून त्यांच्यामधून एक जाड सुती दोरा दोन-तीनदा ओढून काढा. त्याच्याबरोबर काय बाहेर येतं ते बघून तुम्हाला नवल वाटेल.

आता टायमिंगबद्दल. हुक आणि सुई यांची गाठ पडण्याची वेळ, म्हणजे टायमिंग. ते खरंच बिघडू शकतं, विशेषतः सुई पट्टीवर किंवा टाचणीवर आदळून मोडली की. पण नवी सुई नीट बसवली आहे, धागा ताजा आहे, कापड सैल आहे आणि तरीही सगळ्याच दिशांना टाके सुटतात, अशी वेळ आली तर त्याचा विचार करायचा. तेव्हासुद्धा त्या कंपनीची मशीनं हाताळणाऱ्या मेकॅनिकलाच बोलवा. हुक आणि सुई यांच्यामध्ये कागदाच्या जाडीएवढंच अंतर असतं. तिथे अंदाजाने काम होत नाही.

टाके लहान-मोठे होण्याचं कारण बहुधा रेग्युलेटरकडे आहे. मशीन किती वेगाने सरकतंय ते मोजणारी छोटी चाकं असतात, त्यांना एन्कोडर म्हणतात. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. तुम्ही हात जोरात चालवला की सुई जोरात, हळू चालवला की हळू, हा हिशोब त्यांच्यावर चालतो. मशीन सोडताना, हलवताना आणि पुन्हा जोडताना यातलं एखादं चाक रुळापासून किंचित उचललं जातं किंवा त्याची वायर सैल राहते. चाक घसरलं की मशीनला वाटतं आपण थांबलोय, आणि टाका लांबडा पडतो. एक सरळ आडवी रेघ आणि एक सरळ उभी रेघ शिवून बघा. एक नीट आणि दुसरी बिघडलेली आली तर कोणतं चाक तपासायचं ते तिथेच कळलं. चाक पुसा, रुळाला नीट टेकलंय का बघा, वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. सुरुवातीला इंचाला १० टाके ठेवा.

हे सगळं एका दिवसात करू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सुई, धागा, ताण तिन्ही एकदम बदलले आणि मशीन चांगलं चाललं, तर कशामुळे चाललं हे कधीच कळणार नाही. मशीनशेजारी एक वही ठेवा. तारीख, सुईचा नंबर, धागा, वरचा ताण किती वळसे, कोणतं बॉबिन केस, आणि काय झालं. दोन्ही बॉबिन केसना वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावून खूण करा. दिसायला ती सारखी असली तरी दोघांचा ताण वेगळा असतो. एकाचा हिशोब दुसऱ्याला लागू पडत नाही.

आणखी एक काम आजच करा. ज्या बाईंकडून मशीन घेतलंत त्यांना फोन करा. जुनं मशीन घेण्यात हाच मोठा फायदा आहे. त्या मशीनवर वर्षानुवर्षं बसलेलं कुणीतरी जगात आहे आणि त्याला त्याचा स्वभाव माहीत आहे. कोणत्या नंबरची सुई वापरत होतात, कोणता धागा त्याला मानवत नाही, तेल कुठे आणि किती दिवसांनी घालत होतात, कधी सुई आदळून मोडली होती का, मॅन्युअल आहे का, हे सगळं विचारा. मशीनचा सिरियल नंबरही वहीत लिहून ठेवा, सुटा भाग मागवताना पहिला प्रश्न तोच येतो. तेलाबद्दल मात्र त्या काहीही म्हणाल्या तरी शिलाई मशीनचं स्वच्छ, पाण्यासारखं तेलच घाला. बहुतेक मशीनना हुकाच्या कडेवर एक थेंब पुरतो. काहींना आत तेल घालायचंच नसतं, ते मॅन्युअल सांगेल.

आता मांजरपाट. सहा-सात मीटर कोरं, फिकट मांजरपाट आणा आणि पातळसं बॅटिंग, म्हणजे मधला मऊ थर. त्यातलं अर्धं अस्तर, अर्धं टॉप. अस्तर टॉपपेक्षा चारही बाजूंनी किमान ४ इंच जास्त हवं, नाहीतर बाजूच्या चिमट्यांना धरायला जागा राहत नाही आणि मशीन चिमट्यावर जाऊन आदळतं. अस्तराच्या कडा काटकोनात कापलेल्या हव्यात. इथे आळस केला तर पुढे गुंडाळताना एका बाजूला झोल येतो आणि मग तो कशानेच जात नाही. रोलरच्या, म्हणजे कापड गुंडाळायच्या दांड्यांच्या, कापडी पट्ट्यांवर मध्याची खूण नसेल तर आधी ती करा, अस्तरावरही करा, आणि मध्यापासून बाहेर टाचण्या लावत जा.

कापड किती ताणायचं, यात घरगुती मशीनवरून आलेली जवळजवळ प्रत्येक जण चुकते. नगाऱ्यासारखं घट्ट करायचं नाही. खालून बोट वर ढकला, वरून दुसऱ्या हाताने ते बोट चिमटीत पकडता आलं पाहिजे. कापड फार ताणलेलं असेल तर सुईबरोबर तेही वर-खाली होतं, फास नीट सुटत नाही, टाके सुटतात, धागा तुटतो आणि लोक टायमिंगला दोष देतात. फ्रेमवरून उतरवल्यावर ते कापड आकसून चुण्याही पडतात, तो भाग वेगळाच. रोलरची उंचीही बघा. क्विल्ट मशीनच्या तळावर घासला जाऊ नये, बोट जाईल एवढी जागा असावी. गुंडाळत गेलं की रोलर जाड होतो आणि कापड वर उचललं जातं, तेव्हा उंची पुन्हा जुळवा.

शिकताना वरचा आणि बॉबिनचा धागा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्या, वर निळा, खाली लाल. आधी बॉबिन जुळवा. भरलेलं बॉबिन केस तळहातावर ठेवून धागा वर ओढा. केस कडेवर उभं राहावं, पण तळहात सोडून वर लटकू नये. लटकलं तर फार घट्ट, पडूनच राहिलं आणि धागा सरसर आला तर फार सैल. केसवरचा छोटा स्क्रू घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरवा, मग पुन्हा बघा. बॉबिन एकदा जमलं की त्याला हात लावू नका, बाकीचं वरच्या ताणावर करा.

शिवायला लागताना आधी एकच टाका घालून बॉबिनचा धागा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं हातात धरा आणि जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घाला. हे केलं नाही तर सुरुवातीलाच खाली गुंता होतो. मग हातभर वेलांट्या काढा, थांबा आणि मागची बाजू बघा. लाल धागा तारेसारखा सरळ पडलेला आणि त्याच्यावरून निळ्याचे वेढे दिसले तर वरचा ताण कमी आहे, वाढवा. वरच्या बाजूला लाल ठिपके दिसत असतील तर वरचा ताण जास्त आहे, सैल करा. सरळ रेघेत सगळं ठीक आणि फक्त वळणांवर मागे पापण्यांसारखे केस दिसत असतील, तर वरचा ताण किंचित वाढवा आणि वळणावर हात सावकाश फिरवा. दोन्ही रंग कापडाच्या पोटात भेटले आणि दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसला, की त्या दिवशीची नोंद वहीत ठळक अक्षरांत लिहा.

या मांजरपाटावर रोज अर्धा तास द्या. पहिले काही दिवस काहीही सुंदर काढायचा प्रयत्न करू नका. स्वतःचं नाव लिहा. खरंच, सगळ्यात चांगला सराव तोच. अक्षरं हाताच्या सवयीची असतात, त्यामुळे मशीन कुठे ओढतंय ते लगेच दिसतं. मग वेलांट्या, मग एकमेकांना न छेदणाऱ्या नागमोडी रेघा. मशीनपाशी नसाल तेव्हा कागदावर पेन न उचलता त्याच रेघा काढत राहा.

आधीच्या बाईंच्या खांद्याचं तुम्ही लिहिलंत, ते मनात ठेवा. फ्रेमची उंची त्यांच्या मापाची असेल. हँडल धरल्यावर कोपर काटकोनात राहायला हवं, खांदे वर उचललेले नकोत. पायांची उंची बदलता येत असेल तर आत्ताच बदला आणि मग लेव्हल पुन्हा तपासा. हँडल घट्ट आवळू नका. मनगटाने ढकलण्याऐवजी पायांवर वजन इकडून तिकडे टाकत अख्ख्या अंगाने मशीनबरोबर सरका. हात आवळले की रेघही थरथरते आणि संध्याकाळी मानही दुखते.

मांजरपाट संपल्यावर लगेच डबलबेडकडे वळू नका. मध्ये एखादा पाळण्यातल्या बाळाच्या मापाचा टॉप करा, साधा, फार जीव न गुंतलेला. त्यावर गुंडाळणं, बाजूचे चिमटे काढून पुन्हा लावणं, मध्येच बॉबिन संपणं, हे सगळं एकदा घडून जाऊ द्या. तो मनासारखा झाला आणि वहीत सलग चार-पाच दिवस धागा तुटल्याची नोंद नसली, की कपाट उघडा.

तुमचा टॉप चढवाल तेव्हा त्याची वरची कड आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंच्या कडा आधी कच्च्या टिपेने अस्तराला धरून घ्या, म्हणजे तो तिरका सरकणार नाही. पहिल्यांदा भरगच्च नक्षी नको, सैल, मोठी वेलांटी पुरे. नवी सुई, वहीतला धागा, वहीतला ताण. आणि पहिली ओळ झाली की रोलर फिरवण्याआधी टॉर्च घेऊन फ्रेमखाली वाका. मागच्या बाजूवरून तळहात सावकाश फिरवा. बोटांना वेढे लागले नाहीत तरच गुंडाळा, आणि प्रत्येक ओळीनंतर पुन्हा वाका.